व्हॅलेन्सियाचे हवामान : सौम्यतेचा लौकिक आणि वाऱ्यांची सत्ता

स्पेनच्या पूर्व किनाऱ्यावरील व्हॅलेन्सिया हे शहर हवामानखात्याच्या कोष्टकात पाहिले, तर सौम्यतेचा नमुना ठरावे असे आहे. वर्षाचे सरासरी तापमान १८ अंश सेल्सिअसच्या आसपास, जानेवारीची सरासरी १२ अंशांच्या घरात, ऑगस्टची २६ अंश, वर्षभराचा पाऊस साधारण ४५० मिलिमीटर आणि पावसाचे दिवस पन्नासाच्या आत, या आकड्यांची भुरळ उत्तर युरोपातील निवृत्तांना पडते, तशीच शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी तेथे जाणाऱ्या मराठी माणसालाही पडते. दोन हजारांहून अधिक मिलिमीटर पाऊस झेलणाऱ्या मुंबईतून गेलेल्याला तर हे शहर जवळजवळ बिनपावसाचे वाटते. मात्र तेथे एक पूर्ण वर्ष राहणाऱ्याच्या ध्यानात येते की या सरासरीच्या पोटात चाळिशी ओलांडणारी दुपार, घरात बसल्याबसल्या कुडकुडवणारा जानेवारी आणि एका दिवसात वर्षाचा पाऊस ओतून टाकणारा ऑक्टोबर हे सारे सामावलेले आहे, आणि यांपैकी कोणाची पाळी केव्हा येणार हे महिन्यापेक्षा वाऱ्याच्या दिशेवर अधिक ठरते.

याचे कारण शहराच्या जागेत आहे. व्हॅलेन्सिया साडेएकोणचाळीस अंश उत्तर अक्षांशावर, भूमध्य समुद्राकडे तोंड करून वसले असून त्याच्या पश्चिमेस सुमारे ७० किलोमीटरवर रेकेना आणि उतिएल या गावांचे, समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर उंचीचे पठार लागते, आणि त्यापलीकडे ‘मेसेता’ म्हणून ओळखले जाणारे स्पेनचे विस्तीर्ण मध्यवर्ती पठार पसरलेले आहे. समुद्र, अरुंद सखल पट्टी, लगेच उठणारे डोंगर आणि डोंगरामागे पठार ही मांडणी कोकण पाहिलेल्या माणसाला ओळखीची वाटेल, पण साम्य तेवढ्यावरच संपते. कोकणचे तोंड पावसाच्या वाऱ्यांकडे आहे, तर व्हॅलेन्सियाची पाठ त्यांच्याकडे आहे. अटलांटिक महासागरावरून येणारे पश्चिमी वारे आपले बाष्प पोर्तुगालमध्ये आणि मेसेतावर सांडून येतात आणि व्हॅलेन्सियापर्यंत पोहोचेतो कोरडे झालेले असतात, म्हणजे हे शहर पर्जन्यछायेत येते. भूगोलाच्या शालेय पुस्तकात भूमध्य सागरी हवामानाची खूण म्हणून हिवाळी पाऊस आणि कोरडा उन्हाळा सांगितला जातो. व्हॅलेन्सियात उन्हाळा कोरडा आहे खरा, पण पावसाचा मुख्य काळ हिवाळा नसून शरद, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबर, हा आहे. जुलैत सरासरी दहा मिलिमीटरही पाऊस पडत नाही, आणि वर्गीकरण करणारे अभ्यासक या प्रदेशाला भूमध्य सागरी आणि निमशुष्क या दोन गटांच्या सीमेवर ठेवतात.

तेथील बोलण्यात वाऱ्यांना नावे आहेत आणि ती नावे रोजच्या वापरातील आहेत. पूर्वेकडून समुद्रावरून येणारा तो ‘लेवान्ते’, पश्चिमेकडून पठारावरून उतरणारा तो ‘पोनिएन्ते’, नैर्ऋत्येचा ‘गार्बी’, उत्तरेचा ‘त्रामुन्ताना’, ईशान्येचा ‘ग्रेगाल’. कोळी आणि शेतकरी यांच्या तोंडची ही परिभाषा आज दूरचित्रवाणीवरील अंदाजातही तशीच चालते. उन्हाळ्याच्या नेहमीच्या दिवशी सकाळी उशिरा खारे वारे सुरू होतात आणि त्यांच्यामुळे किनाऱ्यालगतचे तापमान तीस-एकतीस अंशांच्या पुढे सहसा जात नाही, मात्र तेच वारे हवेत इतकी आर्द्रता आणून सोडतात की सावलीतही अंग चिकट होते. मालवारोसा आणि काबान्याल या समुद्रालगतच्या वस्त्या आणि चार-पाच किलोमीटर आत असलेला जुन्या शहराचा गाभा यांच्यातील फरक अशा दिवशी अंगाला जाणवतो.

पोनिएन्ते सुटला की हे सगळे उलटते. पठारावरची आधीच तापलेली हवा सातशे मीटर खाली उतरताना दाबली जाते, आणि दाबली गेलेली कोरडी हवा दर हजार मीटर उतरणीला सुमारे दहा अंशांनी तापत असल्यामुळे ती शहरात पोहोचते तेव्हा सहासात अंशांची भर घेऊनच येते. आल्प्सच्या परिसरात अशाच उतरत्या उष्ण वाऱ्याला ‘फॉन’ म्हणतात. खारे वारे मागे रेटले जातात, आर्द्रता काही तासांत कोसळते, ओठ फुटतात, दोरीवरचे कपडे पाऊण तासात वाळतात आणि डोंगरातील पाइनच्या जंगलांत वणव्याचा इशारा लागतो. १० ऑगस्ट २०२३ हा असाच दिवस होता. त्या दिवशी शहरातील वेधशाळेत ४४.७ अंश तापमान नोंदले गेले आणि तेथील जुना उच्चांक मोडला, तर थोड्या आत असलेल्या विमानतळावर पारा ४६.८ अंशांवर गेला. स्पेनचा राष्ट्रीय उच्चांक कोर्दोबा प्रांतातील ला रांब्ला येथे १४ ऑगस्ट २०२१ रोजी नोंदलेला ४७.६ अंश असा आहे, म्हणजे समुद्रकाठचे हे ‘सौम्य’ शहर त्या दिवशी आंदालुसियाच्या भट्टीशी बरोबरी करीत होते. विदर्भातल्या माणसाला ४५ अंशांचे अप्रूप नाही. पण चंद्रपूरचा उन्हाळा आठवडेन् आठवडे चढत जातो आणि माणूस, घर, कामाची वेळ या सर्वांना तयारीची सवड देतो, तर पोनिएन्ते एका सकाळी येतो आणि वारा फिरला की दुसऱ्या दिवशी तीस अंश असतात. अशा चढउताराला शरीर सरावत नाही.

दिवसापेक्षा रात्र अधिक छळते, असे तेथे राहिलेले बहुतेक लोक सांगतात आणि त्यात तथ्य आहे. ज्या रात्री किमान तापमान वीस अंशांखाली उतरत नाही तिला स्पेनमध्ये ‘उष्णकटिबंधीय रात्र’ म्हणतात, आणि पंचवीस अंशांखाली न उतरणाऱ्या रात्रीला त्याहून दाहक असे वेगळे नाव आहे. मुंबईकराला वीस अंशांच्या रात्रीला एवढे मोठे नाव दिलेले पाहून हसू येणे साहजिक आहे, कारण त्याच्या लेखी ती शाल शोधण्याची वेळ असते. परंतु जुलै-ऑगस्टमध्ये व्हॅलेन्सियाची रात्र चोवीस-पंचवीस अंशांवर अडकते, समुद्राचे पाणी अठ्ठावीस अंशांच्या आसपास पोहोचलेले असते, त्यामुळे मतलई वाऱ्यांना, म्हणजे रात्री जमिनीवरून समुद्राकडे वाहणाऱ्या वाऱ्यांना, जोर येत नाही, आणि छताला पंखा असण्याची पद्धत घरोघरी नसल्यामुळे खिडकी उघडी ठेवून पडून राहण्यावाचून पर्याय उरत नाही. उष्म्यावरचा तेथील खरा उपाय यंत्रात नसून ‘पर्सियाना’त आहे. पर्सियाना म्हणजे खिडकीच्या बाहेरच्या अंगाला बसवलेली, पट्ट्यापट्ट्यांची, पट्टा ओढून वरखाली करता येणारी झडप. ती सकाळी नऊ-दहाच्या सुमारास पाडायची, दिवसभर घर अंधारात ठेवायचे आणि सूर्य कलल्यावर वर घ्यायची हा शिरस्ता घराघरांत पाळला जातो. नवा भाडेकरू समुद्राचा उजेड घरात यावा म्हणून झडपा उघड्या ठेवतो आणि संध्याकाळपर्यंत भिंती तापवून बसतो. शेजारच्या आजीबाईंचा ओळखीचा पहिला विषय बहुधा हाच असतो.

उष्म्याची दिनचर्या घड्याळाशीही निगडित आहे. व्हॅलेन्सिया ग्रीनिचच्या रेखावृत्तापासून अर्ध्या अंशाहून कमी पश्चिमेला आहे, म्हणजे सूर्याच्या हिशेबाने त्याचे घड्याळ लंडनशी जुळायला हवे. पण १९४० साली स्पेनने मध्य युरोपची वेळ स्वीकारली ती आजही कायम आहे आणि उन्हाळ्यात त्यात आणखी एका तासाची भर पडते. परिणामी जुलैत सूर्य डोक्यावर येतो तो दुपारी दोनच्या पुढे, दिवसाचा सर्वांत तापलेला काळ पाचच्या सुमारास येतो आणि जूनअखेर सूर्य साडेनऊपर्यंत मावळत नाही. स्पॅनिश माणसे दुपारी दोन-अडीचला जेवतात, पाच वाजेपर्यंत दुकाने बंद ठेवतात आणि रात्री दहाला जेवायला बसतात, यावरून त्यांच्या सुखासीनतेबद्दल पुष्कळ विनोद केले जातात; सूर्याच्या घड्याळाने पाहिले तर त्यांचे दुपारचे जेवण मध्यान्हीला आणि रात्रीचे आठच्या आगेमागे होते, म्हणजे मराठी घरातील वेळांहून ते फारसे वेगळे नाही. रात्री अकराला बागेत खेळणारी लहान मुले पाहून नव्याने आलेले आईवडील चकित होतात, पण त्या हवेत मुलांना बाहेर सोडण्याजोगा तोच तास असतो. दिवस ढळल्यावर ओर्चाता प्यायला बाहेर पडणे हाही त्याच व्यवस्थेचा भाग आहे. ओर्चाता हे ‘चुफा’ नावाच्या गोडसर कंदाचे दुधासारखे दिसणारे थंड पेय असून तो कंद शहराला लागून असलेल्या आल्बोराया गावच्या रेताड शेतांत पिकतो.

हिवाळ्याबद्दल थोडक्यात सांगता येईल. बाहेर ऊन असते, दुपारी सतरा-अठरा अंश तापमान असते, उपाहारगृहांच्या बाहेरच्या टेबलांवर लोक सदऱ्यात बसलेले असतात, आणि घरात मात्र हुडहुडी भरते. जुन्या इमारती उन्हाळ्याशी झुंजण्यासाठी बांधलेल्या आहेत. जमिनीला चिनी मातीच्या किंवा सिमेंटच्या फरश्या, भिंतींना उष्णतारोधक थर नाही, खिडक्यांना एकेरी काच आणि मध्यवर्ती तापन व्यवस्थेचा बहुधा अभाव, त्यामुळे समुद्राची आर्द्रता मुरलेले घर बाहेरच्या हवेपेक्षा थंड लागते. जर्मनीत किंवा स्वीडनमध्ये उणे दहा अंशांत राहून आलेले लोकही आयुष्यातील सर्वांत गारठलेला हिवाळा व्हॅलेन्सियात काढला असे म्हणतात, ते या अर्थाने. खरी कडाक्याची थंडी विरळा असली, तरी ती आली की शेतीवर घाला घालते; ११ फेब्रुवारी १९५६ रोजी शहरात उणे ७.२ अंश तापमान नोंदले गेले आणि त्या महिन्याच्या थंडीने या प्रांताच्या संत्राबागांचे अतोनात नुकसान केले.

वसंत ऋतू उजेडाचा असतो. व्हॅलेन्सियात जन्मलेला चित्रकार होआकिन सोरोया (१८६३–१९२३) याने मालवारोसाच्या पुळणीवर, उघड्यावर, वाऱ्याला आडोसे लावून जी चित्रे रंगवली, त्यांत पाण्यावरून परावर्तित होणारा आणि पांढऱ्या कापडातून गाळून येणारा प्रकाश हाच खरा विषय आहे, आणि १९०९ सालच्या समुद्रकाठच्या फेरफटक्याच्या त्याच्या प्रसिद्ध चित्रात बायकांच्या टोप्यांवरील जाळीचे कापड ज्या तऱ्हेने फडफडते त्यावरून वाराही जाणवतो. एप्रिलमध्ये बागांत आणि रस्त्याकडेच्या कडू संत्र्यांवर मोहोर येतो तेव्हा सारे शहर दरवळते. परंतु मार्च बेभरवशाचा असतो, आणि नेमक्या याच महिन्यात व्हॅलेन्सिया आपला मोठा उत्सव मांडते. ‘फाय्यास’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, युनेस्कोने २०१६ मध्ये अमूर्त वारशाच्या यादीत घेतलेल्या या उत्सवात लाकूड, पुठ्ठा आणि फेसासारख्या हलक्या साहित्याचे, कित्येक मजले उंचीचे उपहासात्मक देखावे चौकाचौकांत उभे केले जातात आणि १९ मार्चच्या रात्री जाळून टाकले जातात. तोपर्यंतचे दिवस अंदाजाकडे डोळे लावून काढायचे असतात, कारण पावसाने पुठ्ठा भिजतो आणि वारा वाढला की गल्लीबोळांत आग लावणे धोक्याचे होते. याच सुमारास अधूनमधून सहारा वाळवंटातील बारीक धूळ वाऱ्यावर स्वार होऊन येते. तिला ‘कालिमा’ म्हणतात, आणि तिच्यातून पाऊस पडला तर तो अक्षरशः चिखलाचा पडतो. मार्च २०२२ च्या मध्यात स्पेनच्या मोठ्या भागावरचे आकाश अशा धुळीने नारिंगी झाले होते. गाड्या धुण्याच्या केंद्रांसमोर दुसऱ्या दिवशी लागणाऱ्या रांगा ही तेथील हवामानाची एक भरवशाची नोंद मानता येईल.

साडेचारशे मिलिमीटर पावसाच्या भूमीत भात पिकतो आणि संत्र्यांची निर्यात होते, हे वाचून सोलापूर-सांगोल्याकडच्या शेतकऱ्याने भुवया उंचावल्या तर त्या रास्तच आहेत. याचे उत्तर आकाशात नसून तुरिया नदीच्या पाण्याच्या वाटपात आहे. मुस्लिम राजवटीच्या काळात विकसित झालेल्या पाटांच्या जाळ्यावर शहराभोवतीची ‘उएर्ता’, म्हणजे भाजीपाल्याची बागायत, उभी राहिली, आणि त्या पाण्यावरून होणारे तंटे सोडवणारे पाणी-न्यायालय आजही दर गुरुवारी दुपारी बारा वाजता मुख्य चर्चच्या अपॉस्टल द्वारासमोर भरते. काळे झगे घातलेले, शेतकऱ्यांनीच निवडलेले प्रतिनिधी तेथे गोलाकार बसतात, सारे कामकाज तोंडी आणि व्हॅलेन्सियन भाषेत चालते आणि निकालावर अपील नसते. २००९ मध्ये या न्यायालयालाही युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान मिळाले. पांझरा आणि मोसम नद्यांवरील फड पद्धतीत पाटकरी आणि जागले जे काम करीत, त्याची आठवण खानदेशातील वाचकाला येथे झाल्यावाचून राहणार नाही, आणि एका लोकव्यवस्थेला जागतिक मान मिळावा व दुसरी मोडकळीस यावी याची खंतही वाटेल. शहराच्या दक्षिणेस सुमारे दहा किलोमीटरवर आल्बुफेरा हे गोड्या पाण्याचे खाजण आहे, त्याच्या कडेने भातखाचरे आहेत. मे महिन्यात पेरणी, सप्टेंबरमध्ये कापणी आणि हिवाळ्यात पक्ष्यांसाठी आणि जमिनीसाठी पुन्हा पाणी भरून ठेवलेली खाचरे, असे तेथील चक्र आहे. म्हणजे कोकणात जो पाऊस भात उभे करतो, त्या पावसाच्या आत व्हॅलेन्सियाचा शेतकरी आपले भात कापून घरात आणू पाहतो.

कारण सप्टेंबरनंतरचा पाऊस हा वरदान म्हणून येईल की आपत्ती म्हणून, हे सांगता येत नाही. मराठी शेतकऱ्याला हस्त नक्षत्राच्या गडगडाटी पावसाची ओळख आहे, आणि कालखंड पाहता व्हॅलेन्सियाचा भीतीचा काळ साधारण त्याच सुमारास सुरू होतो, मात्र दोहोंची कारणे अगदी वेगळी आहेत. उंचावरून, सुमारे नऊ-दहा किलोमीटरवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे धावणारा वेगवान वायुझोत शरद ऋतूत वळणे घेऊ लागतो, आणि कधीकधी त्याच्या वळणातून थंड हवेचा एक गोळा तुटून वेगळा पडतो व आयबेरियन द्वीपकल्पाच्या आसपास रेंगाळतो. जुन्या पिढीतील लोक याला ‘गोता फ्रिआ’, म्हणजे थंड थेंब, म्हणत आले आहेत. हवामानशास्त्रज्ञ ‘दाना’ हे लघुरूप वापरतात, ज्याचा विस्तार ‘वरच्या स्तरांतील विलग न्यूनदाब’ असा होतो. केवळ थंड गोळा वर आल्याने प्रलय होत नाही. त्याच वेळी खाली समुद्र उन्हाळ्याची उष्णता धरून असावा लागतो, लेवान्तेने ती उबदार, बाष्पभरली हवा सतत किनाऱ्याकडे लोटावी लागते आणि किनाऱ्यालगतच्या डोंगरांनी तिला वर उचलावे लागते. ही सर्व सामग्री जुळली की ढग एकाच जागी पुन्हापुन्हा तयार होतात आणि पाणी एकाच पाणलोटात कोसळत राहते. हवेचे तापमान एका अंशाने वाढले की तिची बाष्प धरण्याची क्षमता सुमारे सात टक्क्यांनी वाढते, त्यामुळे तापत चाललेल्या भूमध्य समुद्राच्या काठी ही भीती वाढतच जाणार आहे. तरीही ती नवी नाही. २० ऑक्टोबर १९८२ रोजी हुकार नदीवरील तोउस धरण अशाच पावसाने फुटले, आणि ३ नोव्हेंबर १९८७ रोजी प्रांताच्या दक्षिणेकडील ओलिवा येथे एका दिवसात ८१७ मिलिमीटर पाऊस झाला.

शहराच्या स्मृतीत मात्र सर्वांत खोल रुतलेली तारीख १४ ऑक्टोबर १९५७ ही आहे. वरच्या खोऱ्यातील मुसळधार पावसाने तुरियाला एकाच दिवसात दोन पूर आले, दुपारचा लोंढा पहाटेच्या लोंढ्याहून मोठा होता, जुने शहर पाण्याखाली गेले आणि अधिकृत मोजणीनुसार किमान ८१ माणसे मेली. जुन्या वस्तीतील काही भिंतींवर पाणी कोठवर चढले होते हे दाखवणाऱ्या पट्ट्या आजही आहेत, आणि त्यांपैकी काही माणसाच्या डोक्याहून उंचावर आहेत. यावर शोधलेला उपाय मोठ्या धाडसाचा होता: नदीच शहराबाहेर काढायची. ‘प्लान सुर’ या नावाच्या योजनेनुसार शहराच्या दक्षिणेने सुमारे १२ किलोमीटर लांबीचे, सेकंदाला ५,००० घनमीटर पाणी वाहून नेऊ शकेल असे नवे पात्र खोदण्यात आले आणि १९६९ मध्ये तुरिया तिकडे वळली. रिकाम्या झालेल्या जुन्या पात्रातून शासनाला जलदगती महामार्ग न्यायचा होता. नागरिकांनी चळवळ करून पात्र आमचे आहे आणि ते हिरवेच हवे असा आग्रह धरला आणि तो मान्य करून घेतला. आज त्या पात्रात सुमारे नऊ किलोमीटर लांबीचे उद्यान आहे, जुने पूल जमिनीवरून उगाच कमान टाकून उभे असल्यासारखे दिसतात, आणि समुद्राकडच्या टोकाला सान्तियागो कालात्रावा याने आखलेल्या कला व विज्ञान नगरीच्या पांढऱ्या इमारती आहेत. नागरी नियोजनाच्या इतिहासात एवढ्या आनंददायी परिणामाची उदाहरणे थोडी आहेत. मात्र बागेत धावायला जाणाऱ्याला आपण नदीच्या तळाशी धावत आहोत याची जाणीव राहत नाही, आणि पूर हा जुन्या काळचा विषय झाला अशी समजूत शहरभर पसरली, ती काही अंशी या बागेमुळेच.

२९ ऑक्टोबर २०२४ रोजी ती समजूत कोसळली. त्या दिवशी तुरीस या गावाच्या केंद्रावर चोवीस तासांत ७७१.८ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, आणि त्यातील १८४.६ मिलिमीटर एका तासात पडला, जो स्पेनमधील एका तासाच्या पावसाचा उच्चांक आहे. हे पाणी मोठ्या नदीत न जाता ‘बार्रांको’त उतरले. बार्रांको म्हणजे एरवी वर्षभर कोरडा असणारा, डोंगरातून समुद्राकडे उतरणारा खोल ओढा. कोकणातला पऱ्ह्या पावसाळाभर वाहत राहून आपले अस्तित्व सांगतो, पण बार्रांकोत लोक कुत्री फिरवतात, त्याच्या कडेने गाड्या लावतात आणि तो जलमार्ग आहे हे विसरतात. पोयो नावाच्या अशा ओढ्यातील मापकयंत्राने संध्याकाळी ६ वाजून ५५ मिनिटांनी सेकंदाला २,२८२ घनमीटर असा शेवटचा आकडा पाठवला आणि ते वाहून गेले. स्पेनमधील सर्वाधिक पाण्याची नदी असलेल्या एब्रोच्या सरासरी प्रवाहाच्या कित्येक पट पाणी त्या क्षणी या कोरड्या ओढ्यातून जात होते. पायपोर्ता, कातार्रोखा, आल्फाफार, बेनेतुसेर ही दक्षिणेकडील उपनगरे बुडाली. व्हॅलेन्सिया प्रांतात सव्वादोनशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्यांतील अनेक जण तळमजल्यावरील घरांत अडकले आणि कित्येक जण तळघरातील गाडी वर काढायला खाली उतरले ते परतले नाहीत.

या आपत्तीची सर्वांत विचित्र बाजू अशी की पायपोर्तात त्या वेळी पाऊस नव्हता, खुद्द शहरात तो जेमतेम झाला, आणि जुन्या शहरातील लोक कोरड्या रस्त्यांवरून घरी जात असताना पाच-सहा किलोमीटरवर माणसे बुडत होती. मुंबईकराला हे समजावून सांगावे लागत नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तेव्हा त्याच शहराच्या कुलाबा वेधशाळेत जेमतेम ७४ मिलिमीटरची नोंद होती, आणि दक्षिण मुंबईतील कचेऱ्यांतून निघालेल्यांना पुढे काय वाढून ठेवले आहे याची कल्पना नव्हती. दोन्ही ठिकाणी बुजलेला किंवा विसरलेला जलमार्ग, मुंबईत मिठी आणि येथे पोयो, आपली जागा परत मागायला आला. फरक इशाऱ्यात होता, आणि तो व्हॅलेन्सियाच्या बाजूने असायला हवा होता. स्पेनच्या ‘आएमेट’ या राज्य हवामान संस्थेची पिवळा, नारिंगी, लाल अशी चढत्या धोक्याची इशारापद्धती चांगली आहे; २९ तारखेला सकाळी साडेसातच्या सुमारासच तिने लाल इशारा दिला होता, आणि व्हॅलेन्सिया विद्यापीठाने तर आदल्या संध्याकाळीच दुसऱ्या दिवशीचे वर्ग रद्द केले होते. तरीही नागरिकांच्या भ्रमणध्वनींवर कर्कश आवाजात येणारा आपत्तीसंदेश प्रादेशिक प्रशासनाने पाठवला तो रात्री ८ वाजून ११ मिनिटांनी, म्हणजे पायपोर्तात पाणी घुसून बराच वेळ झाल्यावर. हवामानशास्त्राने आपले काम केले आणि शासनाने केले नाही, असा निर्वाळा देण्यात येथे संकोच बाळगण्याचे कारण नाही. लोकांनीही तो पुढचे कित्येक महिने मोर्चे काढून दिला.

प्लान सुरबद्दल एक गैरसमज मात्र दूर केला पाहिजे. नव्या पात्राने शहर वाचवले आणि उपनगरे बुडवली असे त्या दिवसांत सर्रास बोलले गेले. वस्तुतः तुरियाचे पाणी त्या पात्रातून सुखरूप समुद्राला मिळाले, आणि उपनगरांवर चाल करून आले ते वेगळ्याच पाणलोटाचे पाणी होते. दोष त्या पात्राचा नसून, तुरियाचा धोका टळला म्हणून इतर ओढ्यांच्या पूरक्षेत्रात गेली साठ वर्षे घरे, दुकाने आणि तळघरे बांधू देणाऱ्यांचा आहे. पुरानंतरच्या दिवसांत हातात खराटे आणि फावडी घेऊन हजारो लोक, त्यांत परदेशी विद्यार्थीही, नव्या पात्रावरचा पादचारी पूल ओलांडून दक्षिणेकडच्या गावांत चिखल उपसायला जात राहिले, आणि तो पूल आता एकजुटीचा पूल म्हणून ओळखला जातो.

व्हॅलेन्सियात शिकायला किंवा नोकरीला जाणाऱ्या मराठी वाचकाने भाड्याचे घर पाहताना समुद्र किती मिनिटांवर आहे हे विचारण्याआधी जवळचा बार्रांको कोठे आहे आणि १९५७ व २०२४ मध्ये त्या रस्त्यावर पाणी आले होते काय, हे विचारावे. तळमजला टाळावा, खिडक्यांना पर्सियाना आणि दुहेरी काच आहे का ते पाहावे, आणि जानेवारीसाठी जाड रजई पहिल्याच महिन्यात घ्यावी. ऑक्टोबरात वारा पूर्वेचा असेल आणि आएमेटचा नारिंगी किंवा लाल इशारा लागला असेल, तर डोक्यावरचे आकाश निरभ्र आहे म्हणून बाहेर पडू नये, आणि पाणी आल्यावर गाडी काढायला तळघरात कधीही उतरू नये.